ओढ्यातली मॉरिस

॥ जय सेवालाल ॥

साखरा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
१२ फेब्रुवारी २०००

चि. शिला हिस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आमी सगळे खुशाल. आधी एक सांगतो, पत्त्यावर आता जिल्हा हिंगोली लिहीत जाय. संक्रांतीच्या पत्रावर तू परभणी लिहिलंस, ते तिकडून फिरून आलं तवर मुंग्यांनी तिळगूळ खाऊन आमच्यासाठी नुसता कागद ठेवला. सरकारी दवाखान्यातली नर्स तू, आन जिल्हा बदलला हे मी शेतकऱ्यानं तुला सांगावं!

बातमी आनंदाची हाय. माझ्या मिनाची सोयरीक जमली. कुरुंद्याच्या तांड्यातले ग्यानोबा जाधव, त्यांचा धाकटा पोरगा. हळदीच्या आडतीवर कामाला हाय, सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. मिनानं खाली बघून व्हय म्हणलं आन वर बघून हसली बी. लग्न तेवीस एप्रिलला, पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता काळजीचं. सोयरिकीचा गूळ खाऊन राहिलो होतो तवा पोराचा मामा मस्करीत बोलून गेला की नाईकाच्या घरी मोटार हाय म्हणतात, मग नवरी ट्रॅक्टरात काहून पाठवता. सगळे हसले. बा हसले न्हाईत. गूळ तोंडात असतानाच म्हणले की माझी नात माझ्या मोटारीत बसून कुरुंद्याच्या दारात उतरंल. तुला ठावं हाय, आपल्यात गूळ खाऊन दिलेला शब्द परत घेता येत न्हाई. त्यातून बा तांड्याचा नाईक, शब्द देवला नाईकाचा.

मोटार म्हणजे तीच, आपली मॉरिस. पंचवीस वर्षं कडब्याच्या कोठ्यात पडून हाय. चाकं मातीत रुतली, मागल्या सीटवर कोंबड्या अंडी घालून राहिल्या. तुझ्या पाठवणीनंतर बानं कोठ्याला कुलूप घातलं, किल्ली याडीच्या कंबरेला, आईच्या कंबरेची किल्ली कोण मागणार. ते कुलूप निघतं पोळ्याला आन अंडी काढायला. काहून घातलं हे बानं कधी सांगितलं न्हाई, आन आमच्यात कुणाची विचारायची छाती न्हाई. काल मी भीत भीत म्हणलं की हिंगोलीहून जीप भाड्यानं करू. बानं नुसतं माझ्याकडं बघितलं. पन्नाशीला आलो मी, पण त्या नजरेपुढं अजून चौथीतलं पोरगं होतो.

माझं कुणी ऐकत न्हाई, तुझं ऐकतील. तू लिही, मी वाचून दाखवतो. तुला या पत्रानं झोप लागणार न्हाई हे ठावं असून लिहिलं, कारण मला बी लागून न्हाई राहिली. लोभ हाय तेवढाच पुरे, वाढवू नको, फक्त उत्तर लवकर धाड.

तुझा,
प्रेमदास


जिंतूर
२० फेब्रुवारी २०००

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मिनाची बातमी वाचून इतका आनंद झाला की वॉर्डातल्या बायांना साखर वाटली. पुढचा परिच्छेद वाचला आणि हातातली पुडी तशीच राहिली.

दादा, तू विसरलास का? माझ्या पाठवणीच्या आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस पडला होता. ओढ्याला गुडघाभर पाणी. मी बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोपाची हवेली गायले, रडले, सगळ्यांच्या गळ्यात पडले आणि गाडीत बसले. हवेली गाऊन झाली की नवरीनं तांड्याकडे मागं वळूनसुद्धा बघायचं नसतं. आणि ओढ्याच्या मधोमध गाडी खोकली आणि बंद पडली. गाडी चालवणारा इब्राहीमचाचा बिचारा पाण्यात उभा राहून हँडल मारून मारून थकला. मग कुणीतरी मागून बैल जोडले, आणि नवरीसकट गाडी उलटी ओढून तांड्याच्या काठाला आणली. मान वळवायची नाही म्हणतात, मी तर अख्खीच मागं आले! काठावरच्या बायांनी तोंडात पदर कोंबले होते, ते मला अजून दिसतं.

सासरी मूल होईना तेव्हा दोष त्या गाडीचा. म्हैस आटली तेव्हा गाडी. चौथ्या वर्षी मालक रानात सापाचं पान लागून गेले, तेव्हा सासूबाईंच्या तोंडून त्यांच्या मुलाच्या नावाआधी गाडीचं नाव निघालं. मी नर्स झाले, रोज दहा बायांना सांगते की असलं काही नसतं, अंगारे आणू नका, इंजेक्शन घ्या. पण दादा, दिवसा सांगायचं वेगळं आणि मनाला वाटायचं वेगळं. बा आणि मी त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द बोललो नाही. त्यांनी कोठ्याला कुलूप घातलं, त्यातच मी काय ते समजले.

मिनाच्या वाट्याला हे येऊ देऊ नकोस. जीप कर, टेंपो कर, बैलगाडी कर. आणि मी लग्नाला येणार नाही. रागानं नव्हे. हळदीला मला कुणी पुढं करणार नाही, आणि कोपऱ्यात बसून त्या गाडीकडे बघायची ताकद माझ्यात नाही. माझी सावली तिथं नकोच.

हे पत्र बांना वाचून दाखवू नकोस. याडीच्या गुडघ्याच्या गोळ्या वेगळ्या पाठवते. तुमची माया माझ्यावर आहे, ती असू दे, पण या एका वेळी माझं ऐका.

तुझी,
शिला


साखरा तांडा
१६ मार्च २०००

चि. शिला हिस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

शिव्या देशील ते आधीच कबूल करतो. बानं पत्र वाचायला लावलं. मी मधलं गाळून गुळगुळीत वाचून राहिलो होतो, पण म्हाताऱ्याचे कान कोल्ह्याचे. म्हणले की शिला इतकी थोडी लिहीत न्हाई, पहिल्यापासून वाच. वाचलं सगळं.  बा उठून कोठ्यात गेले, कोंबड्या हाकलल्या आन अंधार पडेस्तवर त्या गाडीत बसून राहिले. याडी दोनदा भाकरीला बोलवून आली.

दुसऱ्या दिवशी मला हिंगोलीला धाडलं. कलीम मिस्तरीला आणला, आपल्या इब्राहीमचाचाचा पोरगा. चाचा जाऊन सहा वर्षं झाली, पण खतीजाचाचीनं निरोप धाडला की ती गाडी नीट झाल्याबिगर पोरानं घरी तोंड दाखवू नये. चाचाला बी त्या दिवसाची तकलीफ शेवटपर्यंत होती म्हणे.

आता ऐक गंमत, म्हणजे आज गंमत वाटते, त्या दिवशी न्हाई वाटली. कलीमनं पेट्रोलची टाकी उघडली तर आतून काळा राब निघाला, वास गुळाचा. कलीम म्हणे की जन्मात असं बघितलं न्हाई. मी घाबरलो, वाटलं कुणी दावा साधला. तवा याडी पुढं आली आन सरळ सांगितलं की दर पोळ्याला मीच पुरणपोळीचा घास घालते. अगं, बैलांना घास द्यायचा आन हिनं उपाशी बघायचं का, असं उलट आम्हालाच विचारलं! एवढंच न्हाई. चाचानं त्या वेळी वाळवायला चार प्लग काढले होते ना, ती भोकं तशीच चिंधी कोंबून राहिली होती. खांदेमळणीच्या दिवशी याडी बैलांच्या खांद्याला लोणी लावायची आन थोडं एरंडेल त्या चार भोकांत सोडायची, सांधे आखडू नयेत म्हणून.

कलीम हसला, मग थांबला, मग याडीच्या पाया पडला. टाकीचा सत्यानाश झाला, पण त्या तेलानं आतलं लोखंड गंजलं न्हाई, नुसतं चिकटलं. आठवडाभर रॉकेलात भिजवलं तसं सुटलं. नवी टाकी पत्र्याची करून घेतली. टायर हैदराबादेहून त्याच्या मावसभावानं धाडले. बॅटरी सहा व्होल्टची लागते, ती नांदेडला मिळाली.

होळी यायच्या आधीच गाडी सुरू झाली. सगळा तांडा गोळा झाला, पोरांनी ढोल वाजवला. मी रडलो, सांगू नको कुणाला. पण सुरू झाली म्हणून काळजी मिटली व्हय? शाळेपर्यंत गेली, बंद. सटवाजीच्या विहिरीपर्यंत गेली, बंद. कलीम दुरुस्त करतो, पुन्हा काहीतरी निघतं. कुरुंदा काय जवळ हाय?

आन बाचं एक मला कळून न्हाई राहिलं. गाडी चांगली चालू असली तरी ते कलीमला बंद करायला लावतात. बंद झाली की हँडल मारून पुन्हा चालू. रोज हेच, चालू बंद, चालू बंद. काहून म्हणून विचारलं तर पुन्हा बंद करायला लावतात. हँडल बी स्वतः मारतात. अठ्ठ्याहत्तर वय, आन ते हँडल उलटं फिरलं तर मनगटाचा चुरा करतं असं कलीम स्वतः म्हणतो. दवाखान्यातल्या डॉक्टरला विचार, या वयात हाड जुळतं का. संध्याकाळी ओढ्यावर जातात आन एकाच जागी उभे राहतात. ओढा कोरडा ठणठणीत हाय, तेवढं एक बरं.

पत्रिका छापायला गेलो तर बानं आत्या म्हणून तुझं नाव सगळ्यात वर घालायला लावलं, माझ्या बी वर. तवा आता तूच बघ काय ते. लोभाचं काय सांगू, आहे म्हणून तर एवढा जळफळाट.

तुझा,
प्रेमदास


साखरा तांडा
२ एप्रिल २०००

ती. आत्यास,
मिनाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, बाबा तुला मोठं मोठं पत्र लिहितात आणि मला पोस्टात टाकायला लावतात, आणि मी सगळं वाचते. माफ कर.

तू म्हणतेस ते आता मलाही कळलंय. हापशावर बाया माझ्याकडे बघून गप्प होतात. पारुकाकू परवा हळूच म्हणाली की पोरी, त्या गाडीत बसू नको, तुझ्या आत्याचं काय झालं बघ. मी हसून दाखवलं, पण घागर अर्धीच भरून घरी आले. खरं सांगू? मला लग्नाची भीती नाही, कुरुंद्याची नाही, सासूची तर नाहीच, तीच मला घाबरेल. भीती त्या ओढ्याची आहे. स्वप्नात तोच येतो, आणि गाडी तिथं येऊन खोकते.

दादाजींना मी विचारलं की जीप का नको. ते म्हणाले की आत्याचं पत्र आलं का? रोज हेच विचारतात. गाडीच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, कुणाला बसू देत नाहीत. बाबा चुकून बसले तर उठवलं. याडीनं त्या जागेसाठी आरशा-कवड्यांची गादी शिवलीय, सगळ्या तांड्यात अशी नाही. मला वाटलं माझ्यासाठी. तर म्हणे नवरी मागं बसते, गप.

आत्या, तू ये. तुझी सावली वगैरे मला काही माहीत नाही. मी लहान असताना गोवर आला तेव्हा नऊ रात्री तू माझ्या उशाला बसली होतीस, तेव्हा सावली कुठं ठेवली होतीस? आलीस तर मी भिणार नाही. नाही आलीस तर हवेलीत तुझ्या नावानं इतकी रडेन की जिंतूरला ऐकू येईल. जीव लाव, आहे तसाच लाव.

तुझीच,
मिना


जिंतूर
११ एप्रिल २०००

चि. मिनास,
अनेक आशीर्वाद.

साडी पाठवली आहे, चिंतामणी रंगाची. सासरी पहिल्या सणाला नेस. तुझं पत्र उशाखाली ठेवलंय.

बाळा, मी येत नाही, हट्ट करू नको. त्या दिवशी काही वाईट घडलं आणि मी तिथं असले, तर जन्मभर लोक दोन्ही एकत्र बोलतील. नसले तर निदान एवढं तरी वाचेल.

एक मात्र नीट ऐक. दादा घाबरट आहे, त्याला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला सांगते. गाडी कुठं थांबलीच तर कुणाला मागून ओढू देऊ नको. दार उघड, पुढच्या बाजूनं उतर आणि पायी पलीकडे जा. चिखल असो, काटे असोत, नवी चप्पल जाऊ दे, पण पुढं जा. मला तेव्हा हे सुचलं नाही. एकोणीस वर्षांची होते, मोठी माणसं सांगतील तसं करायचं एवढंच माहीत होतं.

दादाजींना हँडल मारू देऊ नका म्हणून तुझ्या बाबाला सांग. बीपीची गोळी सकाळी उपाशीपोटी. तुझ्या नव्या घरात आत्याला विसरलीस तरी चालेल, पण नीट पोचल्याचं मात्र कळव.

तुझी,
आत्या


जिंतूर
२४ एप्रिल २०००, संध्याकाळ

ती. दादास,
शि. सा. न.

वि. वि. काय लिहू? मी आले होते.

राहवलं नाही. पहिल्या एसटीनं आले आणि फाट्यावर उतरले. तांड्यात यायचं नाही हे ठरलेलंच होतं. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला चिंचेखाली उभी राहिले. म्हटलं, लांबून बघते, गाडी ओढा ओलांडून वर आली की परत जाते, कुणाला कळायचंही नाही.

आधी धुरळा दिसला. मग भोंगा वाजला, तोच, बदकासारखा. दादा, खोटं सांगत नाही, क्षणभर मी लहान झाले, बाजारातून बा येताना आपण दोघं पळायचो ना, तशी पळत जावंसं वाटलं. गाडी उतारावरून खाली आली. बा बाहेरच्या पायरीवर उभे, एका हातानं दार धरलेलं. या वयात! 

आणि गाडी थांबली. त्याच जागी. बरोबर मधोमध. आवाज बंद झाला. ढोलसुद्धा बंद झाला.

त्या वेळी पाणी तरी होतं रे दोष द्यायला. आज ना पाणी, ना चिखल. कोरड्या वाळूत उभी गाडी बंद पडली, आणि समोर कोण उभी होती तर मी. मागच्या लोकांतून ओरडा झाला, कुणी दोर दोर म्हणत होतं. मला पुढचं बघवलं नाही. तोंड फिरवून निघाले, फाट्यावर जीप मिळाली, कशी घरी आले आठवत नाही.

मी का आले? पंचवीस वर्षं स्वतःला आवरलं आणि आजच का आले? पोरगी लिहीत होती की तू आलीस तर मी भिणार नाही, आणि मी काय घेऊन आले तिच्यासाठी!

बाकी काही लिहू नकोस, मला समजावू नकोस. एकच कळव. तिला मागं ओढलं का?

शिला


साखरा तांडा
२ मे २०००

ती. आत्यास,
मिनाचा शि. सा. न. वि. वि.

मी कालच माहेरी आले, चार दिवसांसाठी. दारात पाऊल ठेवलं तर बाबा तुझं पत्र हातात घेऊन ओट्यावर बसलेले, डोळे लाल. पोस्टमननं आजच आणलं म्हणाले. त्यांच्यानं उत्तर लिहवेना, पेन तीनदा हातात घेऊन ठेवला, शेवटी तुला येडी म्हणाले आणि कागद माझ्याकडे दिला. तेव्हा सगळ्यांच्या वतीनं मी लिहितेय, आणि आधी उत्तर देते. नाही. मला कुणी मागं ओढलं नाही.

आत्या, गाडी बंद पडलीच नव्हती. दादाजींनी बंद करायला लावली.

उतारावरूनच त्यांनी तुला पाहिलं. त्यांना जवळचं दिसत नाही, ताटातली चटणी दिसत नाही, पण लांबचं सगळं दिसतं. चिंचेखाली माझी शिला उभी आहे म्हणाले. मी तर आनंदानं उडालेच. कलीमभाईंना त्यांनी ओढ्याच्या मधे थांबायला सांगितलं आणि चावी फिरवायला सांगितली. कलीमभाईंना ते आधीच माहीत होतं. महिनाभर रोज चालू बंद, चालू बंद चाललं होतं ना, ते याच्यासाठी. त्या जागी, सगळ्या तांड्यासमोर, मुद्दाम गाडी बंद करायची आणि पुन्हा चालू करून पुढं न्यायची. तुझं फेब्रुवारीतलं पत्र ऐकलं त्या दिवशीच त्यांनी मनात घेतलं होतं. आणि पुढच्या जागेवर तू बसलेली असायला हवी होतीस. ती गादी तुझ्यासाठी होती, माझी आई!

गाडी थांबली तशी दादाजी पायरीवरून उतरले आणि तुझं नाव घेत वाळूतून पुढं निघाले. पण मागं लोकांचा एवढा गलका झाला की त्यांचं कुणाला ऐकू जाणार? तू पाठ फिरवलीस ते मी बघितलं. हवेली गाऊन झाली होती, मला मागं वळायचं नव्हतं, म्हणून सगळी मागं बघत होती तेव्हा मी एकटी पुढं बघत होते. तुझी निळी साडी चिंचेपलीकडे गेली. मी हाक मारली, पण पहाटेपासून रडून गाऊन घसा बसला होता, नुसती हवा निघाली. रागावू नको, पण तुझ्यावर इतकी चिडले मी त्या वेळी!

मग सोयऱ्यांकडचे दोघं दोर घेऊन आले. बाबा तर खाली वाळूतच बसले होते. दादाजी परत आले आणि म्हणाले की माझ्या गाडीच्या मागं जो दोर बांधील त्यानं आधी मला बांधावं. दोर गेले. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला, त्यांनीच मस्करी केली होती ना. दादाजींनी हँडल घेतलं. कलीमभाईंनी चावी फिरवली, पेट्रोलचा पंप टिकटिक करायला लागला, आणि तेवढाच आवाज सगळ्या ओढ्यात. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला हँडल उलटं फिरलं आणि दादाजींचा हात झटकून टाकला. याडी काठावरून ओरडली. मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता, तू सांगितलंस तसं, उतरून पायी जायला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं मारलं.

सुरू झाली, आत्या. अशी सुरू झाली की काठावरची शेळ्यांची करडं उधळली. मागून तांड्यातल्या बायांनी गाणं धरलं, पारुकाकूचा आवाज सगळ्यात मोठा. पुढच्या जागेवर मामा बसायला आले, त्यांना दादाजींनी वऱ्हाडाच्या जीपमधे धाडलं आणि स्वतःही जीपमधे बसले. ती जागा रिकामी ठेवून आम्ही कुरुंद्याला गेलो. रस्त्यात दोनदा पाणी पाजायला थांबलो, संध्याकाळ झाली, पण दारात उतरले ते गाडीतूनच. सासूबाईंनी विचारलं की पुढं कोण बसणार होतं. मी म्हटलं, माझी आत्या, पण तिला ड्यूटी लागली.

काल दादाजींनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले की त्या वेळी पाण्यानं गाडी बंद पडली, पोरीला उलटं ओढलं, त्या गाडीचं तोंड बघवेना म्हणून मी कुलूप घातलं. कुलूप गाडीला होतं. शिलानं ते स्वतःवर घेतलं, आणि तांड्यानंही, हे मला तिचं पत्र ऐकेपर्यंत उमगलं नाही. एवढं लांब ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील. नंतर याडीला म्हणाले की चहा दे.

आता ताजी काळजी. त्यांचं उजवं मनगट टम्म सुजलंय. हाडवैद्याला हात लावू देत नाहीत, डॉक्टरला नाही, बाबांना तर नाहीच. माझी पोर नर्स आहे, तीच बघेल, हेच धरून बसलेत. चौदा तारखेच्या रविवारी कलीमभाई गाडी घेऊन जिंतूरला येणार आहेत, दादाजी सोबत आहेतच, त्या हातासकट. बाबा म्हणतात की येलदरीच्या घाटात गाडी तापेल, ब्रेक लागणार नाहीत, बा पडतील, आणि अजून पाच-सहा गोष्टी म्हणतात. त्यांना कुणी विचारत नाही. तू घरी राहा. पळून जाऊ नकोस. इथल्या सगळ्यांची माया तुझ्या वाटेवर बसून आहे.

तुझीच,
मिना


(पोस्टकार्ड)

जिंतूर
८ मे २०००

ती. बा यांस,
शिलाचा साष्टांग नमस्कार.

हे दादा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार, म्हणून थोडंच लिहिते. मनगट चोळू नका. फळीचा तुकडा ठेवून फडक्यानं बांधा आणि हात गळ्यात अडकवून ठेवा. आंबट खाऊ नका असं याडी सांगेल, ते ऐकलं नाही तरी चालेल. हाताचं इथं आल्यावर मी बघते.

रविवारी मी रजा टाकली आहे. दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहीन, भोंगा वाजला की पुढं येईन. याडीच्या गादीवर बसून तुमच्यासोबत तांड्याला येते, आठ दिवस राहते.

ओढा आला की कलीमला गाडी बंद करायला सांगा. तुम्ही खाली उतरू नका. हँडल मी मारणार.

तुमची,
शिला